ज्याला माहीत आहे त्याला विचारा

जगात कुणालाच सगळं माहीत नसतं, या गोष्टीचं मनापासून समाधान वाटणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो माझ्या सासुरवाडीत निघाला. हे हिच्या आत्याचे यजमान. या नात्याला मराठीत नेमका काय शब्द आहे यावर आमच्याकडे लग्नापासून एकमत झालेलं नाही, त्यामुळे मी त्यांना सरळ काका म्हणतो आणि ते मला जावईबापू म्हणतात. वागळे इस्टेटमधल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी उभी नोकरी काढली, आणि त्यातली शेवटची वीसेक वर्षं तिथले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलते ठेवण्यात घालवली. त्या कामातून त्यांना एक तत्त्वज्ञान सापडलं, ते असं : आपल्याला माहीत असायची गरज नाही, कुणाला माहीत आहे एवढं माहीत असलं की झालं. माणसं निवृत्त होताना घड्याळ किंवा चांदीचा गणपती घेऊन घरी येतात. काका हे घेऊन आले, आणि तेव्हापासून आत्याची काही सुटका नाही.

ठाण्यात एका लग्नात मी याचा पहिला अनुभव घेतला. घामाघूम झालेल्या एका गृहस्थांनी काकांना विचारलं, "जेवणं कुठल्या मजल्यावर आहेत हो?" काका त्याच क्षणी जेवून, विडा तोंडात घालून, जिन्यावरून उतरले होते. तरी त्यांनी शांतपणे हात वर करून सांगितलं, "ते निळ्या फेट्यातले दिसतायत ना, त्यांना विचारा." गृहस्थ गेले. मी म्हटलं, "काका, तुम्हाला तर माहीत होतं!" तर म्हणाले, "मी सांगितलं असतं तर तो एका जेवणापुरता शहाणा झाला असता. आता त्याला निळा फेटा माहीत झाला. पार्किंग, आहेर, नवरदेवाची खोली, सगळं तिथून मिळेल." पंधरा मिनिटांनी मी पाहिलं तर निळ्या फेट्याभोवती खरोखरच रांग लागली होती आणि फेट्यातला माणूस रडकुंडीला आला होता. तो नवरदेवाचा मेहुणा होता, असं मागाहून कळलं.

घरचं इंटरनेट बंद पडलं की आम्ही काकांना बोलावतो, कारण कंपनीचा माणूस येईपर्यंत काका निदान समजावून तरी सांगतात. एकदा ते आमच्याकडे आले, चहा घेतला, कीबोर्ड पुढे ओढला आणि कुठल्याशा वेबसाइटच्या नावाऐवजी नुसते आकडे आणि टिंबं टाइप केली. पलीकडून लगेच उत्तर आलं. "बघा," ते म्हणाले, "माणूस घरी आहे, दार उघडं आहे, रस्ता साफ आहे. फक्त त्याचं घर कुठे ते सांगणारा झोपलाय." मग त्यांनी माझ्या मुलीला समोर बसवून सांगितलं की कॉम्प्युटरला नावं कळतच नाहीत, त्याला आकडे कळतात. आपण नाव टाकलं की तो बिचारा शेजाऱ्याला विचारतो, शेजाऱ्याला माहीत नसेल तर शेजारी थोरल्याला विचारतो, थोरला म्हणतो मला घर माहीत नाही पण तो अमका पेठेचा मुकादम आहे त्याला विचार, मुकादम गल्लीवाल्याकडे पाठवतो आणि गल्लीवाला घर दाखवतो. "आणि हे सगळं नाव उलटं वाचत, शेवटापासून सुरू करून. पोस्टमन पत्ता कसा वाचतो? आधी गाव, मग रस्ता, मग इमारत, आणि सगळ्यात शेवटी तू." मुलीने विचारलं, "पण थोरल्यालाच सगळं पाठ का नाही करायला लावत?" काकांचा चेहरा असा उजळला, जणू एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता. "कारण माणसं घरं बदलतात, बाळा. पाठ केलेलं शिळं होतं."

शिळं होण्यावर त्यांचा फार कटाक्ष. त्यांच्या क्षेत्रात म्हणे प्रत्येक पत्त्यासोबत मुदतही सांगतात, की हे इतका वेळ खरं धरा, मग पुन्हा विचारा. काकांनी ही पद्धत घरी आणली. त्यांच्या वहीत तीन रकाने आहेत : नाव, पत्ता, मुदत. दूधवाल्याची मुदत एक महिना, प्लंबरची एक आठवडा, फॅमिली डॉक्टरांची दोन वर्षं. आमच्या थोरल्या मेहुण्याचं लग्न झालं तेव्हा नवी सून कशी आहे असं कुणी विचारलं, तर काका म्हणाले, "चांगली आहे. सहा महिने धरा." आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मुदतीची कल्पना त्यांच्यावरच उलटते की काय असं मला वाटलं.

ऑफिसातली त्यांची कीर्ती मात्र भाजीपाल्यावरून होती. तिथल्या मशीनना नावं द्यायची वेळ आली तेव्हा साहेबांनी सुचवलं, ज्याचं टेबल त्याचं नाव द्या. काकांनी साफ नकार दिला. माणसं बदली होऊन जातात, नोकरी सोडतात, मग मशीन अनाथ होतं. म्हणून त्यांनी भाज्यांची नावं दिली. भाजीला बढती नसते. स्टोअरचं मशीन गवार, डिझाइनचं मशीन घेवडा, मोठा प्रिंटर भोपळा. हे सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं, पण जनरल मॅनेजरांना एक दिवस कळलं की आपल्या टेबलावरच्या मशीनचं नाव दोडका आहे. त्यांनी काकांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. काकांनी शांतपणे पर्याय विचारला. शिल्लक नावं होती पडवळ आणि कारलं. दहा मिनिटं विचार करून साहेब म्हणाले, "दोडकाच राहू द्या." काका निवृत्त होऊन दहा-अकरा वर्षं झाली, पण तिथली नवी मुलं अजून भोपळ्यावर प्रिंट पाठवतात. भोपळा तीनदा बदलला, मजला बदलला, नंबर बदलला. नाव तेच, म्हणून कुणाचं काही अडलं नाही. "नाव टिकवायचं असतं," काका सांगायचे, "पत्ता काय, बदलतो."

मग त्यांचाच पत्ता बदलायची वेळ आली. डोंबिवली पूर्वेला त्यांची तीन मजली इमारत होती, तिचं रिडेव्हलपमेंट ठरलं आणि बारा बिऱ्हाडांना दोन-तीन वर्षांसाठी बाहेर जायला सांगितलं गेलं. बाकीचे अकरा लोक खोकी बांधायला लागले. काकांनी मुदत कमी करायला घेतली. पत्ता बदलण्याआधी तसं करायचं असतं म्हणे, नाहीतर लोक जुनंच धरून बसतात. तीन महिने आधी त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले, "आमचा पत्ता आता आठवडाभरच खरा धरायचा. दर आठवड्याला फोन करून विचारायचं." शेवटच्या आठवड्यात मुदत एक दिवसावर आणली. कर्जतची एक चुलतबहीण भाबडेपणाने आठ दिवस रोज सकाळी साडेसहाला फोन करून विचारत होती, "आज कुठे आहात?" आणि काका रोज कौतुकाने सांगत होते, "आज अजून इथेच." नवव्या दिवशी ते दिव्याला राहायला गेले.

सामान उतरवायला मी दिव्याला होतो. चौथा मजला, लिफ्ट नाही, पाणी सकाळी पाऊण तास. आत्या पिंपं कुठे ठेवायची या चिंतेत होत्या, आणि काका सगळ्यात आधी दाराला काहीतरी ठोकत होते. पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेली पाटी, वर प्लास्टिक. मी म्हटलं, "काका, आधी पंखा लावू या का?" तर म्हणाले, "पंखा नसला तर माणूस घामाघूम होतो. पाटी नसली तर परत जातो." ती पाटी मी काही वाचली नाही. ओळखीच्या घराची पाटी कोण वाचतो?

हात पुसत आत्या म्हणाल्या, "सगळ्यांना कळवलं हो ह्यांनी. एक सोडून." आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी काढत नाही, पण तुम्हाला सांगायला हवी. काकांना एक थोरला भाऊ, दादा. लग्न केलं नाही, कल्याणला एका छापखान्यात नोकरी, राहायला काकांकडेच. बावीस वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. तेरावं झाल्यावर घराला रंग काढला. दारावर वडिलांच्या नावाची लाकडी पाटी होती, तिला वाळवी लागलेली. काकांनी नवी पितळी पाटी करून आणली आणि तिच्यावर फक्त स्वतःचं नाव घातलं. मनात काही नव्हतं. टपाल आपल्या नावाने येतं, बिलं आपल्या नावाने येतात, शोधत येणाऱ्याला एक नाव पुरे, असा त्यांचा व्यवस्थेचा विचार. दादा संध्याकाळी आले, पाटीसमोर थोडा वेळ उभे राहिले, आत येऊन जेवले, आणि जेवताना एवढंच म्हणाले, "बरोबर आहे. मला शोधत कोण येणार?" चौथ्या दिवशी पिशवी घेऊन गेले. त्यानंतर बावीस वर्षांत तीन पोस्टकार्डं आली, मी बरा आहे, काळजी नसावी. पाठवणाऱ्याचा पत्ता एकावरही नव्हता.

जगातल्या कुठल्याही मशीनचं नाव सांगितलं तर काका पत्ता काढून देत. या एका नावापुढे ते हरले. म्हणून, घर बदललं तरी जुना पत्ता लगेच पुसायचा नाही, जुन्या ठिकाणी काही काळ कुणीतरी बसलेलं हवं, हा त्यांच्या धंद्यातला नियम त्यांनी स्वतःला लावून घेतला. डोंबिवलीच्या त्या इमारतीभोवती पत्रे लागले, आतली इमारत महिन्याभरात जमीनदोस्त झाली, आणि फाटकाशी वॉचमनच्या केबिनशेजारी काका घरची पांढरी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायला लागले. रोज पाच ते सात. दिव्याहून दोन स्टेशनं येऊन. दादा आले तर जुन्या पत्त्यावरच येणार, आणि तिथे पत्रे बघून परत जाणार, ही एकच भीती त्यांना होती.

बसले म्हणजे नुसते बसले नाहीत. बाराही बिऱ्हाडं कुठे गेली याची वही त्यांच्या मांडीवर असे. कुरिअरवाले, लग्नपत्रिका वाटणारे, पहिल्या मजल्यावरच्या जोशी टीचरांचे जुने विद्यार्थी, सगळ्यांना ते वाटेला लावत. अर्थात सरळ पत्ता कधीच नाही. "टीचर ना? त्यांच्या धाकट्या मुलीचं क्लिनिक कोपऱ्यावर आहे, तिला विचारा." लोक हसायचे, पण पोचायचे. सव्वा वर्ष हे चाललं. एकदा मी विचारलं, "काका, जुन्या पत्त्याची मुदत अजून संपली नाही?" त्यांनी वही मिटली. "अकरा जणांची कधीच संपली. जावईबापू, एका पत्त्यावर वाटेल तेवढी नावं ठेवता येतात. भोपळ्यालाच मी तीन नावं दिलेली होती. ऑफिसात पोरांना हे शिकवत होतो. आणि घरी मला ते सुचलं नाही." मी चहा आणायला गेलो.

गेल्या उन्हाळ्यात दिव्याच्या पुलावर त्यांना चक्कर आली. कुणीतरी धरून बसवलं, घरी पोचवलं. आत्याचा मला फोन आला, "तुमचं ऐकतील हो, तुम्ही सांगा." मी गेलो आणि सांगितलं. आज आठवलं की स्वतःचा राग येतो, पण मी म्हणालो, "काका, बावीस वर्षांत आले नाहीत, आता काय येणार? खुर्चीपायी तुम्ही आत्यांना एकटं टाकणार का?" काकांनी वही जवळ ओढली. मग म्हणाले, "बरं. पण सोय करून उठतो."

सोय म्हणजे काय, तर ते दुसऱ्या दिवशी मला घेऊन फाटकाशी गेले आणि वॉचमनला म्हणाले, "माझं नाव घेऊन कुणी आलं तर समोर इस्त्रीवाल्याकडे पाठवायचं."

वॉचमन म्हणाला, "अंकल, पत्ता लिहून द्या ना, चिठ्ठी ठेवतो मी."

"तू दोन महिन्यांत बदलून जाशील, बाबा. चिठ्ठी त्याच्या आधी जाईल. इस्त्रीवाला तीस वर्षं त्याच खांबाखाली आहे."

इस्त्रीवाल्याला सांगितलं, गिरणीवाल्याकडे पाठव. गिरणीवाल्याला सांगितलं, या जावयांकडे पाठव, मागच्या गल्लीतच राहतात, दळण तुझ्याकडेच असतं त्यांचं. आणि मला सांगितलं, "पुढचं तुम्हाला माहीत आहे." मी म्हटलं, "काका, सरळ तुमचा फोन नंबर सगळ्यांना दिला असता तर?" त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. "नंबर मागायला माणसाला लाज वाटते. वाट विचारायला वाटत नाही." खुर्ची त्यांनी वॉचमनला देऊन टाकली.

नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, आमच्या दाराची बेल वाजली. दारात गिरणीवाल्याचा माणूस, अंगावर पीठ, आणि त्याच्या मागे एक उंच, वाळलेले म्हातारे, हातात कापडी पिशवी. त्यांनी काकांचं नाव घेतलं आणि म्हणाले, "इथे विचारायला सांगितलं." नाक काकांचंच होतं. मी ओळखलं. आठ दिवस आधी मी काकांना त्या खुर्चीवरून उठवलं होतं. हे गृहस्थ पत्रे बघून मागे वळले असते, तर ते पाप माझ्या माथी बसलं असतं. मी त्यांना पाणी दिलं, आणि बूट पायात अडकवता अडकवता कसंबसं विचारलं, "त्रास झाला का हो शोधायला?"

"नाही. पण गंमत आहे," दादा म्हणाले. "माहीत कुणालाच नाही, आणि अडवतही कुणी नाही."

मी त्यांना घेऊन दिव्याची गाडी पकडली. चिपळूणच्या पुढे एका खेड्यातल्या मुलांच्या वसतिगृहात ते राहतात, तिथला हिशेब आणि वाचनालय बघतात, आणि आता वय झालं, एकदा भेटून यावं म्हणून निघाले, एवढं कळलं. चौथ्या मजल्यावर पोचताना ते दोनदा थांबले. मी बेल वाजवायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात धरला. खिशातून चष्मा काढला, पुसला, आणि दारावरचा तो पुठ्ठा वाचायला लागले. मग मीही तो पहिल्यांदा वाचला. दोन नावं होती. दादांचं वर, काकांचं खाली.

दादा तसेच उभे राहिले. बेल शेवटी मीच वाजवली. काकांनी दार उघडलं, थोरल्या भावाकडे पाहिलं, आणि बावीस वर्षांचं सगळं बाजूला ठेवून विचारलं, "किती ठिकाणी विचारावं लागलं?"

"चार."

"चारच ना? मग बरं आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी दादांच्या हातातली पिशवी घेतली. आतून आत्यांनी विचारलं, कोण आहे हो? विचारता विचारताच त्या बाहेर आल्या, आणि आल्या तशा पदर डोळ्याला लावून परत चहा टाकायला गेल्या.

दादा आठ दिवसांसाठी आले होते, अजून आहेत. सकाळी पाणी आलं की दोघं भाऊ पिंपं भरतात आणि कुठलं आधी भरायचं यावरून भांडतात. काकांच्या वहीत दादांच्या नावापुढे पत्ता लिहिलाय, मुदतीचा रकाना रिकामा आहे. मी विचारलं नाही.

परवा मी त्या फाटकावरून जात होतो. आत नवी इमारत सहाव्या मजल्यापर्यंत आली आहे. खुर्ची तिथेच आहे, वॉचमन दुसराच आहे. काका दिसत नाहीत ही चांगली गोष्ट असूनही मला चुकल्यासारखं वाटलं. उगाच मनात आलं म्हणून मी त्या नव्या वॉचमनला काकांचं नाव सांगून विचारलं. त्याने मान हलवली, "मला नाय माहीत, साहेब. समोर इस्त्रीवाल्याला विचारा." मी विचारलं. इस्त्रीवाल्याने कपड्यांवरून डोळे न उचलता मला गिरणीकडे पाठवलं. गिरणीवाला माझ्याकडे बघत राहिला, आणि मग पिठाने भरलेल्या मिशांतून हसला. "अहो साहेब, ते तर तुम्हालाच विचारायचं ना!"

तिथेच उभं राहून मी काकांना फोन लावला. "कोण आलंय का?" त्यांनी लगेच विचारलं. ती सवय काही जात नाही.

म्हटलं, "कोणी नाही, काका. मीच विचारत होतो."

"मग या की," काका म्हणाले. "आम्ही दोघंही घरीच आहोत."